प्रजातींच्या नकाशासाठी अभ्यासक्षेत्र कसे आखावे

एखादी प्रजाती कुठे असू शकते याचा अंदाज देणारा नकाशा करायचा, म्हणजे करवी या झुडपाच्या किंवा बिबट्याच्या कुठे कुठे दिसल्याच्या नोंदी जमवायच्या, सॉफ्टवेअर उघडायचे, समोर नकाशा आला की मुंबईभोवती माऊसने एक चौकोन ओढायचा आणि ‘रन’ दाबायचे. मुंबई-ठाण्यातल्या विद्यार्थ्यांच्या आणि हौशी निसर्ग-अभ्यासकांच्या प्रकल्पांत हा क्रम इतका रुळला आहे की त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटतच नाही. सॉफ्टवेअरही तक्रार करत नाही. थोड्याच वेळात रंगीत नकाशा येतो, आकडे चांगले दिसतात, अहवालही तयार होतो. चूक मात्र त्या चौकोनातच बसलेली असते.

सॉफ्टवेअर त्या आकृतीचे, म्हणजे अभ्यासक्षेत्राचे, काय करते ते आधी पाहू. पाऊस, तापमान, उंची अशा सगळ्या लेयर, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा एकेक नकाशा, ते त्या आकृतीच्या कडेने कापते. मग आतल्या भागातून यादृच्छिक ‘बॅकग्राउंड पॉइंट’, म्हणजे तुलनेसाठीच्या जागा, उचलते. शेवटी तुमच्या नोंदींच्या जागा आणि हे बॅकग्राउंड पॉइंट यांच्यात फरक काय, ते शोधते. या फरकावरून बनणारा अंदाजाचा हिशेब म्हणजे मॉडेल. म्हणजे आकृती बदलली की तुलना बदलते आणि तुलना बदलली की उत्तर बदलते. करवीसाठी अख्खा भारत घेतलात तर मॉडेल एवढेच शिकेल की करवी थरच्या वाळवंटात आणि हिमालयात नसते. हे आपल्याला आधीच माहीत होते. उलट फक्त बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान घेतलेत, तर आत सगळीकडे पाऊस आणि तापमान जवळजवळ सारखेच. मॉडेलला शिकायला काही उरतच नाही.

खालचे टप्पे वॉलेस (प्रजातींच्या मॉडेलसाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशांसाठी) ही दोन सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. वॉलेस ‘आर’ या संगणकभाषेवर चालते आणि ब्राउझरमध्ये उघडते. त्यात नकाशावरच क्षेत्र आखता येते. मॅक्सेंट हे मॉडेलचे सॉफ्टवेअर थेट वापरणाऱ्यांना नकाशावर आखायची सोय मिळत नाही. त्यात ज्या लेयर द्याल त्यांचा विस्तार हेच अभ्यासक्षेत्र होते, म्हणून लेयर आधीच कापून द्याव्या लागतात. टप्प्यांचा क्रम मात्र तिन्हीकडे तोच राहतो.

टप्पा १: प्रश्न कागदावर लिहा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक वाक्य लिहा. कोणती प्रजाती, कोणत्या काळातली, आणि नकाशा कशासाठी हवा आहे. ‘मुंबईतला बिबट्या’ हे वाक्य पुरेसे नाही. ‘उद्यानाबाहेरच्या वस्तीलगत बिबट्या कुठे वावरू शकतो’ हा प्रश्न झाला. ‘उत्तर कोकणात बिबट्याला हवामान आणि जंगल कुठे मानवते’ हा दुसरा प्रश्न झाला. या दोन प्रश्नांची अभ्यासक्षेत्रे वेगळी, लेयर वेगळ्या आणि पिक्सेलचा, म्हणजे लेयर ज्या चौकोनी घरांत विभागलेली असते त्या घराचा, आकारही वेगळा.

ऋतूही याच वाक्यात हवा. नवरंग पक्षी मुंबईच्या जंगलांत पावसाळ्याच्या तोंडावर विणीसाठी येतो. त्याच्या विणीच्या जागांचा नकाशा करायचा असेल तर दक्षिण भारतातल्या हिवाळी नोंदी घेऊन अभ्यासक्षेत्र कन्याकुमारीपर्यंत ताणू नका.

महानगरपालिकेची हद्द ही सर्वांत सोपी आणि बहुतेक वेळा सर्वांत चुकीची निवड असते. दहिसरच्या नाक्यावर पालिकेची हद्द संपते, झाडांची संपत नाही. हद्द हाच प्रश्नाचा भाग असेल, उदाहरणार्थ पालिकेच्या उद्यानांत काय लावावे असा विषय असेल, तर अंतिम नकाशा त्या हद्दीपुरता दाखवा. मॉडेल शिकवायचे क्षेत्र मात्र प्रजातीच्या हिशेबाने ठरवा. शिकवण्याचे क्षेत्र आणि दाखवण्याचे क्षेत्र एकच असायला हवे असा कोणताही नियम नाही.

टप्पा २: नोंदी आधी साफ करा

हा टप्पा टाळला जातो आणि मग पुढचे सगळे बिघडते. अभ्यासक्षेत्र आखण्याच्या बहुतेक पद्धती नोंदींच्या जागांवरच बेतलेल्या असतात. एक चुकीचा पॉइंट राहिला तर आकृती शेकडो किलोमीटर ताणली जाते. म्हणून आधी नोंदी साफ करायच्या आणि मगच क्षेत्र आखायचे.

अक्षांश-रेखांशाचे रकाने अदलाबदल झालेत का ते पाहा. मुंबईचे अक्षांश साधारण १८.९ ते १९.३ उत्तर आणि रेखांश ७२.८ ते ७३.० पूर्व. उलटे भरले तर राष्ट्रीय उद्यानातली नोंद नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात जाऊन पडते. नकाशा पूर्ण झूम आउट केला की असा पॉइंट लगेच दिसतो. पण लोक मुंबईवर झूम करूनच काम सुरू करतात आणि तो नजरेआड राहतो. वॉलेसला नोंदींच्या फाइलमध्ये प्रजातीचे नाव, मग रेखांश, मग अक्षांश असे रकाने लागतात. आपल्याकडे अक्षांश आधी सांगायची सवय आहे, त्यामुळे गोंधळ नेमका इथेच होतो.

दुसरी अडचण मुद्दाम धूसर केलेल्या नोंदींची. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर धोक्यातल्या प्रजातींची खरी जागा लपवली जाते आणि सुमारे ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकटीत कुठेतरी एक पॉइंट दाखवला जातो. मुंबईच्या अक्षांशावर ही चौकट २० किलोमीटरहून मोठी भरते. म्हणजे येऊरमध्ये टिपलेली नोंद भलत्याच उपनगरात किंवा खाडीत दिसू शकते. जीबीआयएफ या जागतिक नोंदसंग्रहावरून नोंदी उतरवल्या असतील तर जागेची अनिश्चितता मीटरमध्ये देणारा रकाना असतो, तो पाहा. तुमचा पिक्सेल एक किलोमीटरचा असेल, तर पाच-दहा किलोमीटर अनिश्चितता असलेल्या नोंदी काढून टाका. हा रकाना रिकामा असेल तर दशांश मोजा. दोनच दशांश दिले असतील तर जागा फार तर किलोमीटरभर नेमकी आहे, एकच दशांश असेल तर दहा-अकरा किलोमीटर.

तिसरी गोष्ट लावलेल्या झाडांची आणि पाळलेल्या प्राण्यांची. ताम्हण मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला ओळीने लावलेला आहे आणि त्याचे फोटो मे महिन्यात भरभरून चढवले जातात. ती जागा ताम्हणाने निवडलेली नसते, माणसाने निवडलेली असते. राणीच्या बागेतल्या नोंदींचेही तेच. ज्या वेबसाइटवर ‘लागवड’ किंवा ‘बंदिस्त’ अशी खूण करता येते तिथे ती गाळणी वापरा. पण सगळे जण खूण करत नाहीत हे लक्षात ठेवून शहरातले पॉइंट एकेक उघडून पाहा. काम कंटाळवाणे आहे, तरी करा.

आणि गर्दी. मुंबईच्या नोंदी कान्हेरीच्या वाटेवर, येऊरला, आरेत, भांडुप पंपिंग स्टेशनला, शिवडीच्या जेट्टीवर आणि उरणच्या पाणथळीत दाटलेल्या असतात, कारण रविवारी सकाळी माणसे तिथेच जातात. एका पिक्सेलमध्ये एकच नोंद ठेवा. वॉलेसमध्ये किमान अंतर देऊन नोंदी विरळ करायची सोय आहे. हे केल्यावर शंभरातल्या वीसच नोंदी उरल्या तर घाबरू नका. माहिती तेवढीच होती.

*तपासणी:* नकाशा जगभर दिसेल इतका लहान करा. सगळे पॉइंट अपेक्षित भागात आहेत? समुद्रात एखादा तरंगतो आहे? असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: लेयर आणि पिक्सेल

वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-संचाच्या ३० सेकंदांच्या (इथे सेकंद आणि मिनिटे हे अंशाचे भाग आहेत) लेयरचा पिक्सेल मुंबईच्या अक्षांशावर सुमारे ०.८ चौरस किलोमीटरचा असतो. अडीच मिनिटांच्या लेयरचा सुमारे २० चौरस किलोमीटर. आता हिशेब करा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. ३० सेकंदांच्या लेयरमध्ये ते साधारण १३० पिक्सेलमध्ये संपते, अडीच मिनिटांच्या लेयरमध्ये पाच पिक्सेलमध्ये. तेवढ्यातून १०,००० बॅकग्राउंड पॉइंट मागण्यात काय अर्थ आहे?

लहान क्षेत्रच हवे असेल तर हवामानाच्या लेयर सोडा. उपग्रहाच्या चित्रांतून येणारे झाडोऱ्याचे, पाण्यापासूनच्या अंतराचे, वस्तीचे लेयर घ्या. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे १० मीटरच्या पिक्सेलची मिळतात. दुसरी बाजूही बघा: वर्ल्डक्लिमचे आकडे हवामान केंद्रांच्या मोजमापांवरून मधल्या जागा भरून काढलेले असतात. त्यामुळे अंधेरी आणि पवई यांच्यातला फरक त्या लेयरमध्ये शोधणे व्यर्थ आहे.

टप्पा ४: प्रजातीची पोहोच ठरवा

अभ्यासक्षेत्र आखणे म्हणजे सॉफ्टवेअरसमोर एक विधान करणे: ही प्रजाती एवढ्या प्रदेशात पोहोचू शकली असती आणि एवढ्या प्रदेशात माणसांनी तिचा शोध घेतला आहे. हे विधान खरे असेल तर रिकाम्या जागा काहीतरी सांगतात. जिथे प्रजाती कधी पोहोचलीच नसती, अशी जागा बॅकग्राउंडमध्ये घेतली तर मॉडेल ‘इथले हवामान तिला मानवत नाही’ असा चुकीचा धडा घेते. नारायणी बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नेमके हेच मांडले आहे, आणि या क्षेत्रात आज त्याचा आधार सर्रास घेतला जातो.

पोहोच प्रत्येक प्रजातीची वेगळी असते. मुंबईच्या परिसरात हे फार ठळकपणे दिसते.

बिबट्या घ्या. उद्यानाभोवती इमारतींचा वेढा आहे म्हणून त्याची पोहोच कुंपणापुरती धरली जाते. पण रेडिओ कॉलर लावलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ साली माळशेज घाटातून निघून सुमारे १२० किलोमीटर चालत राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने महामार्ग ओलांडला आणि वसईची खाडीही पार केली. अशा प्राण्यासाठी खाडीच्या काठावर रेघ ओढून थांबणे चूक आहे. नागला, तुंगारेश्वर आणि पुढे घाटापर्यंतचा पट्टा त्याच्या आवाक्यात धरायला हवा.

करवीचे वेगळे. तिची बोंडे तडकून बी जवळपासच उडते. तिच्यासाठी डोंगर महत्त्वाचे, आणि मधले खाचराचे सपाट पट्टे अडसर ठरतात. तरीही इथे घाई करू नका. वनस्पतीची पोहोच एका पिढीच्या हिशेबाने न मोजता हजारो वर्षांच्या हिशेबाने मोजावी लागते. करवी उद्यानाच्या डोंगरांवरही आहे आणि सह्याद्रीतही आहे, म्हणजे कधीतरी ती दोन्हीकडे पोहोचलीच. म्हणून उत्तर कोकणातले सुटे डोंगर आणि घाटाचा पट्टा एकत्र घेणे रास्त. घाटमाथ्याच्या पूर्वेला देशावरचा कोरडा भाग किती घ्यायचा, हा खरा निर्णयाचा भाग आहे. मी थोडा घेईन, कारण पाऊस कुठे कमी पडायला लागला की करवी थांबते हे मॉडेलला दिसायला हवे. सोलापूरपर्यंत मात्र जाणार नाही.

तिवरासाठी क्षेत्र म्हणजे भरती-ओहोटीची पट्टी. खाडीकाठापासून काही किलोमीटर आतली जमीन घेतली तरी बॅकग्राउंड बहुतेक कोरड्या जागांनी भरते, आणि मॉडेल ‘तिवर पाण्याजवळ असतो’ एवढेच सांगून मोकळे होते.

*इशारा:* प्रजातीबद्दल काहीच माहिती नसेल तर आकृती ओढू नका. आधी जाणकाराला विचारा. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कार्यक्रमांत, महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत अशी माणसे भेटतात. ‘ही कुठवर जाऊ शकते’ या प्रश्नाचे दहा मिनिटांचे उत्तर तुमचे दोन आठवडे वाचवते.

टप्पा ५: आखायची पद्धत निवडा

वॉलेसच्या पर्यावरण लेयरवर प्रक्रिया करण्याच्या भागात पर्याय मिळतात: नोंदींभोवतीचा आयत, नोंदींना वेढणारा लहानात लहान बहिर्वक्र (कुठेही आत न वळणारा) पॉलिगॉन म्हणजे बहुभुज, प्रत्येक नोंदीभोवतीचे बफर म्हणजे ठरावीक अंतराचे वर्तुळ, हाताने काढलेली आकृती आणि तयार फाइल. क्यूजीआयएसमध्येही हे सगळे करता येते.

आयत सर्वांत सोपा म्हणून सर्वांत जास्त वापरला जातो. आपल्या भूगोलाला तो शोभत नाही. किनारा आणि सह्याद्री दोन्ही उत्तर-दक्षिण चिंचोळे पट्टे आहेत. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतच्या आणि मुंबईच्या नोंदींभोवती आयत टाकलात तर पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला देशावरचा कोरडा भाग भरमसाट आत येतो. जमिनीपुरत्याच लेयर असतील तर समुद्र आपोआप गळतो. पण उंचीची एखादी लेयर समुद्रावरही आकडे देत असेल तर बॅकग्राउंड पॉइंट पाण्यात पडू शकतात, आणि करवीला ‘जमीन आवडते’ असा निष्कर्ष निघतो.

बहिर्वक्र पॉलिगॉन बरा, पण किनारा आत वळतो तिथे तो थेट रेघ मारतो. मुंबई आणि अलिबागमधले बंदराचे पाणी आत घेतले जाते ते असेच. शिवाय एक दूरची नोंद त्याला भलतीकडे ओढते.

बफर बहुतेक वेळा चांगला, फक्त त्रिज्या विचारपूर्वक हवी. अगदी लहान ठेवली तर बॅकग्राउंडही लोक रविवारी जातात त्याच जागांवरून येते.

हाताने काढलेली आकृती मला स्वतःला सर्वांत प्रामाणिक वाटते. प्रत्येक कडा का तिथे आहे हे सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ती सांगता येत नसेल तर बफर वापरा.

*इशारा:* वॉलेसमध्ये बफरचे अंतर अंशांत द्यायचे असते, किलोमीटरमध्ये नाही. क्यूजीआयएसमध्ये लेयर ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या अंशांत, असेल तर तिथेही तसेच. २० किलोमीटर हवेत म्हणून २० लिहिलेत तर बफर मुंबईपासून पूर्वेला अंदमानपर्यंत आणि पश्चिमेला अरबस्तानच्या किनाऱ्यापर्यंत जातो. आपल्या अक्षांशावर ०.१ अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ११ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे साडेदहा. बोरिवलीभोवती ०.५ अंशांचा बफर घेतला तर तो माथेरानपर्यंत पोहोचतो. किलोमीटरमध्येच काम करायचे असेल तर लेयर आधी यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदला. त्यात अंतरे मीटरमध्ये असतात. बफर काढा आणि परत ४३२६ मध्ये आणा.

टप्पा ६: प्रत्यक्ष आखणी

१. पार्श्वभूमीला उपग्रहाचे चित्र किंवा उंचसखल दाखवणारा नकाशा लावा. रस्त्यांच्या नकाशावर आखू नका. डोळा नकळत महामार्गाला आणि रेल्वेला चिकटतो, आणि वेस्टर्न लाइन ही तुमच्या प्रजातीची हद्द होऊन बसते.

२. नोंदींची लेयर वर ठेवा. किनारा, खाड्या आणि संरक्षित वनांच्या सीमा खाली ठेवा.

३. सगळी आकृती एका नजरेत मावेल एवढ्या झूमवर सुरुवात करा. मधेच झूम करून नकाशा सरकवताना चुकीचा क्लिक पडतो आणि एक टोक दूर कुठेतरी जाते. आधी ढोबळ आकृती पूर्ण करा, मग टोके हलवा.

४. क्लिक एकाच दिशेने करा, घड्याळाच्या काट्याप्रमाणे किंवा उलट. मधे विसरलेले टोक आठवले म्हणून मागे उडी मारू नका. तसे केले की रेघा एकमेकींना छेदतात आणि पॉलिगॉनला डमरूसारखा मधे पीळ पडतो. दिसायला ठीक, पण कापताना अर्धा भाग गायब. टोकांची यादी फाइलमधून देणार असाल तर तिथेही ती परिघाच्या क्रमानेच लिहा, रेखांश आधी.

५. किनाऱ्यावर नेमकेपणाचा हट्ट धरू नका. खाडीच्या प्रत्येक वळणावर क्लिक करण्यापेक्षा आकृती थोडी समुद्रात जाऊ द्या आणि नंतर जमिनीच्या लेयरने कापा. घाटाच्या बाजूला मात्र वेळ द्या. तिथे पाच किलोमीटर इकडेतिकडे झाले तर पावसाचा हिशेब पार बदलतो.

६. वॉलेसमध्ये पहिल्या टोकावर पुन्हा क्लिक करून किंवा ‘फिनिश’ दाबून आकृती बंद करा. क्यूजीआयएसमध्ये उजवे बटण दाबले की ती बंद होते. आकृती बंद न करता पुढचे बटण दाबले तर काहीच निवडले जात नाही, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

७. क्यूजीआयएसमध्ये नवी लेयर जिओपॅकेज फाइल म्हणून बनवा. तात्पुरत्या स्क्रॅच लेयरवर आखलेले काम खिडकी बंद केली की जाते. बदल केल्यावर ‘सेव्ह एडिट्स’ दाबायला विसरू नका.

टप्पा ७: कापण्याआधी तपासा

इथे अर्धा तास द्या. या एका टप्प्यावर सर्वाधिक चुका पकडता येतात.

क्यूजीआयएसमध्ये ‘चेक व्हॅलिडिटी’ चालवा. रेघा छेदत असतील तर ते सांगते.

आकृतीचे क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये काढा आणि पिक्सेलच्या क्षेत्रफळाने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमच्याकडे असलेल्या पिक्सेलची ढोबळ संख्या. ती तुम्ही मागणार असलेल्या बॅकग्राउंड पॉइंटच्या कित्येक पट हवी. नसेल तर पॉइंट कमी करा किंवा बारीक पिक्सेलच्या लेयर घ्या. आकडा जुळावा म्हणून क्षेत्र वाढवू नका.

सगळ्या नोंदी आकृतीच्या आत आहेत का ते पाहा. बाहेर राहिलेली प्रत्येक नोंद एक प्रश्न विचारते: नोंद चुकीची की तुमचे पोहोचीबद्दलचे विधान चुकीचे? उत्तर न शोधता ती पुसून टाकू नका.

मग किनाऱ्यावरच्या नोंदी. मुंबईत ही अडचण हमखास येते. शिवडी, ऐरोली, वर्सोवा इथले तिवराचे किंवा किनारी पक्ष्यांचे पॉइंट एक किलोमीटरच्या हवामान लेयरमध्ये पुष्कळदा ‘नोडेटा’ म्हणजे माहिती नसलेल्या पिक्सेलवर पडतात, कारण लेयरच्या दृष्टीने तो समुद्र असतो. सॉफ्टवेअर असे पॉइंट वगळते. एखादी ओळ सूचना देते, ती वाचली जात नाही, आणि चाळीस नोंदींचे मॉडेल प्रत्यक्षात अठरा नोंदींवर चालते. प्रत्येक पॉइंटवरची लेयरची किंमत बाहेर काढून रिकाम्या किती आल्या ते मोजा. पॉइंट एका पिक्सेलच्या आत जमिनीकडे सरकवणे चालते, पण किती सरकवले ते लिहून ठेवा. रिकाम्या फारच असतील तर ती लेयर त्या प्रजातीसाठी बनलेलीच नाही.

*तपासणी:* तुमच्या आकृतीची प्रत्येक कडा बोटाने दाखवून ‘इथेच का’ याचे उत्तर मोठ्याने द्या. ‘स्क्रीन तिथे संपत होता’ असे उत्तर आले तर ती कडा पुन्हा आखा.

टप्पा ८: लेयर कापा, बॅकग्राउंड घ्या

वॉलेसमध्ये हे एकाच बटणावर होते. बॅकग्राउंडची संख्या आधीच १०,००० भरलेली असते, ती टप्पा ७ मधल्या हिशेबाप्रमाणे बदला. क्यूजीआयएसमध्ये ‘क्लिप रास्टर बाय मास्क लेयर’ वापरा आणि सगळ्या लेयर एकाच मास्कने, म्हणजे तुमच्या आकृतीने, कापा. मूळ पिक्सेलचा आकार कायम ठेवायची खूण करा, नोडेटाची किंमत सगळीकडे एकच द्या. एखादी लेयर एका पिक्सेलनेही लहान-मोठी झाली तर मॅक्सेंट लेयरचे भौगोलिक माप जुळत नाही म्हणून अडते.

बॅकग्राउंड पॉइंट नकाशावर टाकून एकदा डोळ्याखालून घाला. खाडीत, विहार-तुळशीच्या पाण्यात किंवा आकृतीबाहेर काही दिसते का?

टप्पा ९: दोन-तीन आकृत्यांवर चालवून बघा

एकाच आकृतीवर विसंबू नका. तुम्हाला पटलेली एक, तिच्याहून आखूड एक आणि थोडी मोठी एक अशा तीन घ्या. नोंदी, लेयर आणि बाकीच्या सेटिंग तशाच ठेवा. तिन्ही नकाशे शेजारी ठेवा आणि प्रत्येक लेयरला प्रजाती कसा प्रतिसाद देते ते आलेखही पाहा. नकाशे साधारण जुळले तर तुमचा निष्कर्ष आकृतीवर फारसा अवलंबून नाही. जुळले नाहीत तर कोणता भाग घेतल्यावर बदल होतो ते शोधा. अनेकदा घाटमाथ्याची पूर्व बाजू किंवा दूरची दोन-तीन पिक्सेलची टोके त्याला कारण असतात.

*इशारा:* क्षेत्र वाढवले की एयूसी, म्हणजे मॉडेल नोंदी आणि बॅकग्राउंड यांतला फरक किती ओळखते याचा आकडा, बहुधा वाढतो. दूरची, उघडच न मानवणारी जागा बॅकग्राउंडमध्ये आली की फरक ओळखणे सोपे होते, एवढेच त्याचे कारण. अख्ख्या भारताचे ०.९८ आणि उत्तर कोकणाचे ०.८१ यांची तुलना करून पहिले मॉडेल चांगले म्हणणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. वेगवेगळ्या आकृत्यांचे एयूसी शेजारी मांडूच नका.

मॉडेल शिकवले त्याहून मोठ्या प्रदेशावर पसरवायचे असेल, उदाहरणार्थ उत्तर कोकणावर शिकवून सिंधुदुर्गापर्यंत, तर तिथले पाऊस-तापमान शिकवलेल्या मर्यादेबाहेर जाते का ते आधी पाहा. जात असेल तर त्या भागावर नकाशात रेघोट्या मारून खूण करा.

टप्पा १०: जपून ठेवा

अंतिम आकृती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. शेपफाइल (नकाशातल्या आकृत्या साठवायचा एक फाइलप्रकार) असेल तर तिच्या जोडीच्या सगळ्या फाइल एकाच फोल्डरमध्ये, विशेषतः प्रोजेक्शन सांगणारी. ती हरवली तर पुढच्या माणसाला आकडे अंशांत आहेत की मीटरमध्ये हे अंदाजाने ठरवावे लागते. वॉलेसमधून कापलेली क्षेत्राची शेपफाइल, बॅकग्राउंड पॉइंट आणि सत्राचा आर कोड तिन्ही उतरवून घ्या. ब्राउझर बंद करण्याआधी सत्र सेव्ह करा.

अहवालात अभ्यासक्षेत्राचा एक परिच्छेद हवाच. कोणती पद्धत, बफर किती आणि कोणत्या एककात, कोणत्या नोंदी गाळल्या आणि का, प्रत्येक कडेचे कारण, क्षेत्रफळ, पिक्सेलची संख्या, बॅकग्राउंडची संख्या. जीबीआयएफच्या नोंदी असतील तर त्या डाउनलोडचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, द्या.

आणि बिबट्या, घुबडे, ऑर्किड अशा प्रजातींच्या नेमक्या जागा जोडपत्रात छापू नका. आकृती द्या, पॉइंट देऊ नका. मागणाऱ्याला कारण विचारून द्या.